चिकटलेली दोन पानं

४ जानेवारी, सकाळी

नवी वही, नवं पेन, नवा मी.

बसस्थानकावर माईकसमोर अख्खी नोकरी काढली. रिटायर होऊन दोन महिने झाले. हिचं म्हणणं, माईक गेला पण खोड गेली नाही. काल म्हणे मी बाथरूमच्या दाराशी उभा राहून, पाणी तापलेलं आहे, आंघोळीस जाणाऱ्यांनी त्वरित निघावे, असं म्हणालो. घरात आम्ही दोघंच, आणि हिची आंघोळ आधीच झालेली. हिला अतिशयोक्तीची सवय आहे.

ग्रंथालयात वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी दुपारचा वर्ग चालतो. तिथे स्वयंसेवक हवेत. ही बातमी हिनेच आणली आणि माझं नावही हीच देऊन आली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतंत, म्हणाली. असो. या आवाजाचं सोनं व्हायला हवं, हे हिलाही पटलंय म्हणायचं.

संकल्प: रोज डायरी. महिन्याभरात एक तरी मूल घडाघडा वाचतं करणार.

७ जानेवारी

मधले दोन दिवस डायरी राहिली. सर्दी.

आज ट्रेनिंग. वर्ग चालवणाऱ्या ताई याच विषयाचं रीतसर शिकून आल्या आहेत. मला मुलगी असती तर एवढीच असती. त्यांनी सांगितलं, ही मुलं मठ्ठ नसतात, आळशी नसतात. अक्षर आणि आवाज यांची गाठ त्यांच्या डोक्यात सहज बसत नाही, म्हणून ती बसवावी लागते, हळूहळू, तुकड्यातुकड्याने. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. इथपर्यंत ठीक.

पुढचे नियम मात्र अजब. मुलाने वाचायचं, आपण ऐकायचं. अडलं तर थांबायचं. शब्द पटकन सांगून टाकायचा नाही. आणि आधी आपण वाचून दाखवायचं नाही म्हणजे नाही. मी उभा राहून विचारलं, की मग आमच्या आवाजाचं काय करायचं. ताई म्हणाल्या, काका, आवाज घरी ठेवून कान घेऊन या. बाकीचे स्वयंसेवक हसले. तरुण आहेत, हसणारच.

प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक पट्टी दिली. तिला मधोमध खिडकी कापलेली. ती ओळीवर ठेवली की एकच शब्द दिसतो, बाकीची गर्दी झाकली जाते. कल्पना बरी आहे. नवशिक्यांसाठी.

९ जानेवारी

माझं मूल मिळालं. मूल म्हणजे मुलगी, नऊ वर्षांची. खुर्चीवर एका जागी ठरत नाही, म्हणून मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिला आवडलं असावं. हसली नाही, पण नाही म्हणाली नाही.

बोलायला चुरूचुरू. मला आजोबा म्हणते. आई दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला आहे, चादरी कशा उकळतात, कुठला डाग कशाने जातो, सगळं सांगितलं. तोंडी हिशोब माझ्यापेक्षा जलद. आणि पुस्तक उघडलं की दुसरीच मुलगी. फ्रॉकची कॉलर तोंडात. घ आणि ध तिला जुळ्या बहिणींसारखे दिसतात, कोण कोणती कळत नाही. पहिल्या ओळीत तिसऱ्या शब्दावर जी थांबली ती थांबलीच. मी नियमाप्रमाणे गप्प बसलो. तिच्या कपाळावर घाम आला. मग म्हणाली, पोट दुखतंय.

हा काय प्रकार आहे? पोर डोळ्यांदेखत बुडते आहे आणि आपण काठावर उभं राहून ऐकायचं? मला बघवेना.

११ जानेवारी

आज मी नियमात किंचित सुधारणा केली.

वर्गाच्या कपाटात एका छत्रीची गोष्ट सापडली. छत्री बसमध्ये विसरली जाते आणि गावोगाव हिंडून परत येते. बसचा विषय, म्हणजे पुस्तक जणू माझ्यासाठीच लिहिलेलं. पहिली दोन पानं मी वाचून दाखवली. कंडक्टरचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा, छत्रीचा बारीक. भिंगरीने कॉलर तोंडातून काढली. हसली. पोट दुखलं नाही.

ताई पलीकडच्या टेबलावर होत्या. मी हळू आवाजात वाचलं. ही म्हणते, तुमचा हळू आवाज चार गल्ल्यांना ऐकू जातो. ताईंनी एकदा मान वर करून पाहिलं खरं.

पट्टीचा उपयोग झाला. आमचं टेबल डुगडुगत होतं, पायाखाली घातली.

१८ जानेवारी

ताईंनी बाजूला घेऊन समजावलं, की काका, तिला ऐकून कळतं हे आम्हाला ठाऊक आहे, तिचं अडतं ते डोळ्यांपाशी. मी म्हणालो, बरोबर आहे. मनात म्हटलं, प्रत्येकाची पद्धत असते.

यापुढे वाचून दाखवताना खिडकीकडे तोंड करून बसणार.

२५ जानेवारी

चमत्कार.

आज भिंगरीने छत्रीच्या गोष्टीचं पहिलं पान वाचलं. न थांबता. बोट ओळीवर ठेवून, कंडक्टरसकट. मला एकदम भरून आलं. मला अजून बरंच येतं, असं वाटलं. घरी येऊन हिला सांगितलं. तिने विचारलं, दुसरं पुस्तक वाचलं का तिने. मी म्हटलं, उगाच घाई करू नये. झाड लावल्या दिवशी कोणी फळं मागत नाही.

२ फेब्रुवारी

सर्दीमुळे म्हातारीच्या वाक्याआधी मला खोकला येतो. आज भिंगरीने वाचताना बरोबर तिथेच दोनदा खोकून पुढचं वाक्य घेतलं. याला म्हणतात शैली. नुसतं वाचन शिकवणारे पुष्कळ असतील. मी विराम शिकवला.

८ फेब्रुवारी

छोटा अपघात. माझा चहा पुस्तकावर सांडला. पुसला. वाळल्यावर बाराव्या पानाच्या आसपासची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली. ओढली असती तर फाटली असती, म्हणून तशीच ठेवली. ग्रंथालयाची मालमत्ता आहे.

१० फेब्रुवारी

आज खरी कसोटी. पूर्ण पुस्तक. भिंगरी वाचत वाचत चिकटलेल्या पानांपाशी आली, तिने दोन्ही पानं एकदमच उलटली, आणि तरी आतला मजकूर एक शब्द न गाळता वाचला. छत्री नदीत पडते तो सगळा भाग. नजर एवढी तयार झाली आहे!

हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. चिरायची थांबली. अहो, पानं चिकटलेली होती ना, म्हणाली. मी म्हटलं, तेच तर सांगतोय. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभिमानाने असणार.

१९ फेब्रुवारी

शाळेत पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. भिंगरीला वार्षिक परीक्षेत सवलत मिळावी, म्हणून ताईंनी अर्ज दिला आहे. सवलत म्हणजे कोणीतरी प्रश्न वाचून दाखवणार आणि तिला थोडा वेळ जास्त मिळणार. सवलत मिळाली नाही तर पोर नापास होईल आणि पुन्हा त्याच वर्गात बसेल. तिच्या आईला याचीच धास्ती आहे. पोरीपेक्षा लहान मुलं तिच्याशेजारी येऊन बसतील आणि मग पोरगी शाळेला जायचीच नाही, म्हणते.

ताईंना नेमकं त्या दिवशी बाहेरगावी जायचं आहे. मला तीन वेळा बजावलं, की काका, तिला गोष्टी समजतात, हिशोब येतो, एवढंच सांगा. सवलतीबद्दल काही बोलू नका. आणि ते छत्रीचं पुस्तक नेऊ नका.

लोकांचा माझ्यावर विश्वास का नसतो, कळत नाही.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

पुस्तक नेलं.

त्याचं असं झालं. मीटिंगला शाळेच्या मोठ्या बाई, वर्गशिक्षिका, भिंगरीची आई आणि मी. भिंगरी दाराशी उभी. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिला एक ओळ वाचता येत नाही. आईने मान खाली घातली. मला सहन झालं नाही. पोरीची अशी चारचौघांत शोभा? मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणालो, ऐका.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती सुटली. कंडक्टर, म्हातारी, खोकला, नदी, सगळं. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आईच्या डोळ्यांना धार लागली. मोठ्या बाईंनी मला विचारलं, मग आता सवलतीची गरज आहे का. सगळे माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, सवलत हा या मुलीचा अपमान ठरेल.

अर्ज फाइलला लागला. विषय संपला.

जिन्यात भिंगरीने विचारलं, आता पेपर कोणी वाचून दाखवणार नाही का. मी म्हटलं, तुला कशाला हवंय कोणी, तू आता शेर आहेस. ती म्हणाली, पोट दुखतंय. रिकाम्या पोटी एवढं वाचलं की दुखतं. बिस्किटाचा पुडा दिला. तिने तो उघडला नाही.

२८ फेब्रुवारी

ताई परत आल्या. मीटिंगचं ऐकलं. लगेच शाळेत गेल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्याच माणसाने सांगितलंय, आम्ही कानांनी ऐकलंय.

भिंगरी आज आली नाही. सर्दीचे दिवस आहेत.

५ मार्च

आली नाही.

९ मार्च

आली नाही. परीक्षा सुरू झाली असेल. मन एकीकडे म्हणतं, काळजीचं कारण नाही. दुसरीकडे जेवण जात नाही. हवा बदलते आहे.

१७ मार्च

लिहिणार नव्हतो. पण हिने वही समोर आणून ठेवली.

आज भिंगरीची आई ग्रंथालयात आली. अंगाला साबणाचा वास, कामावरून थेट आलेली. भिंगरी तिच्या मागे. आईने उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. सगळ्यांवर वरच्या रेघेत भिंगरीचं नाव, सुंदर, गोल अक्षरात. खाली काही नाही. गणितातसुद्धा नाही. जी पोरगी चादरींचा हिशोब तोंडी करते, तिला प्रश्न काय विचारलाय तेच कळलं नव्हतं. ती तीन तास बसून राहायची. बाहेर आल्यावर पेपर सोपा होता म्हणायची.

मला वाटलं, ही बाई आता ओरडणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. परीक्षेची भीती, वर्गातला उजेड, छपाई. ती ओरडली नाही. म्हणाली, काका, मला कोणाशी भांडायचं नाही. मला एवढंच सांगा, माझ्या मुलीला वाचता येतं की नाही.

मी म्हणालो, एका अर्थाने.

ताईंनी छत्रीचं पुस्तक घेतलं. आमच्या टेबलाच्या पायाखालची पट्टी वाकून काढली, झटकली, आणि मधल्याच एका ओळीवर ठेवली. खिडकीत एकच शब्द, 'नदी'. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. कॉलर तोंडात गेली. मला वाटलं, आता सांगेल, रोज सांगते. मग ताईंनी ती चिकटलेली पानं पट्टीच्या कडेने हळूहळू सोडवली. आतला चहाचा डाग सगळ्यांनी पाहिला.

भिंगरीला ताईंनी विचारलं, तू काकांना सांगितलं का नाहीस. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आजोबा खूप खूश व्हायचे. मग आई पण खूश झाली. मग कसं सांगणार.

मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि घरी आलो.

१८ मार्च

काही नाही.

२० मार्च

ही म्हणाली, तुम्हाला तिथे ऐकायला बसवलं होतं, तुम्ही त्या पोरीलाच ऐकायला बसवलंत. मी म्हटलं, मला तिचं भलंच करायचं होतं. ती म्हणाली, भलं करायचं होतं हे खरं, आणि तुम्हाला टाळ्या हव्या होत्या हेही खरं.

हिला माझी कीव आली असावी, कारण नंतर तिने न मागता चहा दिला.

खरं तर थोडा दोष पुस्तकाचाही आहे. फारच लक्षात राहण्यासारखं लिहिलंय.

२१ मार्च

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. माणूस कळतो.

२ एप्रिल

ताईंचा फोन. शाळेत चकरा मारून मारून त्यांनी भिंगरीची फेरपरीक्षा मंजूर करून आणली. सवलतीसकट. पण शाळेची अट अशी, की प्रश्न वाचणारा माणूस शाळेचा नको, नात्यातला नको, आणि तो तुम्हीच शोधा. बाकीचे स्वयंसेवक दिवसा नोकरीवर. मोकळा मीच.

मी म्हणालो, मोठ्या बाई मला उभं तरी करतील का. ताई म्हणाल्या, त्यांचं मी बघते, मी भिंगरीला विचारलं आहे. मी विचारलं, ती काय म्हणाली. ताई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, ती म्हणाली, चालेल, पण आवाज न काढता वाचतील का.

नियम कडक आहेत. प्रश्न जसा आहे तसा वाचायचा. समजावायचा नाही, सुचवायचा नाही, कुठल्याच शब्दावर जोर द्यायचा नाही. ताईंनी स्पष्ट सांगितलं, की जरा जरी गडबड झाली तर पेपर रद्द होईल आणि तिसरी संधी मिळणार नाही.

संकल्प: दगडासारखं वाचणार.

५ एप्रिल

रियाज. ही परीक्षक. औषधाच्या खोक्यातला कागद वाचून दाखवला. पहिल्याच ओळीला ही म्हणाली, तुम्ही गोळी विकताय. पुन्हा वाचला. म्हणाली, आता कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय. तिसऱ्यांदा म्हणाली, बरं, पण 'दिवसातून दोनदा'च्या आधी खोकलात.

मला खोकल्याचं कळलंच नाही. महत्त्वाचं काही आलं की घसा आपोआप साफ होतो. इतक्या वर्षांची सवय, गाडी लागली की आधी घसा, मग घोषणा. आमच्या साहेबांनी एकदा लेखी समज दिली होती, की निवेदनात विनाकारण भाव नसावा. तेव्हा त्यांना कलेतलं कळत नाही असं म्हणालो होतो.

९ एप्रिल

सपाट जमायला लागलंय. आज हिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर तिला झोप लागली. एवढी मोठी दाद मला कधीच मिळाली नव्हती.

१२ एप्रिल, दुपारी

आज गणिताचा पेपर. निघताना हिने सदऱ्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या टाकल्या. मी म्हटलं, सर्दी कधीच गेली. काढून टेबलावर ठेवल्या.

लहानशी खोली, एक बाक, एक खुर्ची. मोठ्या बाई स्वतः दाराशी बसलेल्या, माझ्यावर नजर ठेवून. चूक त्यांची नाही. भिंगरी आली. मी, कशी आहेस, विचारणार होतो, पण नियमात बसतं की नाही कळेना. नुसती मान हलवली. तिनेही हलवली.

सुरुवात उत्तम. मी वाचत होतो, ती भराभर लिहीत होती. तिचं पेन्सिल चालवणं बघून मला कळलं, की या पोरीला सगळं येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. मध्ये फक्त ती अक्षरं होती, आणि नंतर मी. मला फार वाईट वाटलं.

मग पर्यायांचे प्रश्न आले. तीन अवघड गेले नाहीत. चौथा जरा वळणाचा होता. टाकीत पाणी किती राहिलं, चार उत्तरं दिलेली. ती थांबली. पेन्सिलचं टोक ओठांवर. कॉलर तोंडात गेली. म्हणाली, पुन्हा वाचा. मला बरोबर उत्तर माहीत होतं. मी प्रश्न वाचला. पहिला पर्याय वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याच्या आधी घसा साफ झाला.

मी केला नाही. झाला.

दाराशी मोठ्या बाईंची खुर्ची करकरली. आता पेपर रद्द, पोरीचं वर्ष पाण्यात, आणि पुन्हा माझ्यामुळेच. भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. तिला कळलं होतं. माझा खोकला कुठे येतो हे या जगात तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. लिहून मोकळी झाली असती, तर कोणाला काय सिद्ध करता आलं असतं? सर्दी असते माणसाला.

ती मला म्हणाली, आजोबा, सगळे सारखे वाचा. मला माझं काढायचंय.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. मग बसल्या. म्हणाल्या, वाचा.

मी वाचलं. चारी पर्याय सारखे. गाडी कुठलीही असो, फलाट कुठलाही असो, मला काही घेणंदेणं नाही, असं. बोटाने तिने हवेत टाकी काढली, पाणी काढून टाकलं, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची फार इच्छा होती.

पेपर संपला. बाहेर तिची आई उभी होती. तिने मला काही विचारलं नाही, पोरीलाच विचारलं. हे बरोबर आहे. भिंगरी म्हणाली, एक चुकला असेल. तोच चुकला असेल का? मला विचारायचं होतं. नाही विचारलं.

उद्या भाषेचा पेपर. धडे मोठे असतात, त्यात माणसं बोलतात, रडतात. दगड होणं अवघड जाईल. मी भिंगरीला विचारलं, उद्या मी येऊ, की ताईंना दुसरं कोणी बघायला सांगू. तिने विचार केला. आईचा हात धरून, एका पायावर उभी राहून, नीट विचार केला.

म्हणाली, या. पण गोळी खाऊन या.

घरी आलो. गोळ्या टेबलावर होत्या तिथेच होत्या. सदऱ्याच्या खिशात टाकल्या.